वाचकांचे प्रश्न : मूळ नोंद कोणती आणि उतारा कोणता?

मॉडेलवरून, म्हणजे टेबले आणि त्यांचे संबंध मांडणाऱ्या आकृतीवरून, आपोआप कोड तयार करणाऱ्या साधनांनी बांधलेल्या व्यावसायिक सॉफ्टवेअरच्या देखभालीविषयी नाशिक आणि परिसरातून आलेल्या तीन पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पहिल्या पत्रातील अडचण अनेक कारखान्यांत असल्यामुळे तिला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : अंबड औद्योगिक वसाहतीत आमचा वाहनांच्या सुट्या भागांचा कारखाना आहे. खरेदी, साठा, जॉबवर्क (बाहेरच्या कारखान्याकडून करून घेतलेले काम) आणि बिले यांसाठीचे सॉफ्टवेअर आम्ही २०१३ मध्ये एका छोट्या कंपनीकडून करून घेतले. त्यांनी टेबले आणि त्यांच्यातील संबंध आकृतीत मांडून त्यावरून एका साधनाच्या मदतीने जावा या भाषेतील कोड आणि स्क्रीन तयार केले होते. ते काम जाणणारे गृहस्थ २०१८ मध्ये नोकरी बदलून गेले. त्यानंतर आलेल्या मुलांनी आकृतीला हात न लावता तयार झालेल्या कोडमध्येच दुरुस्त्या केल्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, तेव्हा नव्या प्रोग्रॅमरने मॉडेलमध्ये दर बदलून सगळा कोड पुन्हा तयार केला. दुसऱ्या दिवशी बिलावर ई-इन्व्हॉइसचा क्रमांक येईना, जॉबवर्कला पाठवलेल्या मालाची मुदत दाखवणारा अहवाल नाहीसा झाला आणि चलनावरच्या मराठी नावांच्या जागी पुन्हा चौकोन दिसू लागले. बॅकअपवरून जुना कोड परत आणून आम्ही दर हाताने बदलले आणि काम चालू केले. आता आम्ही मॉडेल कायमचे बाजूला ठेवावे, की पुन्हा त्याच्याकडे वळावे?
— एक कारखानदार, अंबड

उत्तर : आपल्या प्रोग्रॅमरला दोष देऊ नये, असे मला प्रथम सांगावेसे वाटते. हे साधन ज्या रीतीने वापरायचे असते त्याच रीतीने त्याने ते वापरले. त्याच्या आधीची सात वर्षे प्रत्येक दुरुस्ती चुकीच्या जागी होत गेली आणि त्या सगळ्याचा हिशेब एका रात्रीत समोर आला.

सातबाऱ्याचा उतारा आपल्या हातात असतो, पण मूळ नोंद गावच्या दप्तरात असते. वारसाचे नाव लावायचे तर गाव नमुना ६ मध्ये फेरफार नोंदवावा लागतो, तो मंजूर व्हावा लागतो आणि त्यानंतर काढलेल्या उताऱ्यावर ते नाव येते. कोणी उताऱ्याच्या कागदावरच पेनाने नाव लिहिले, तर तो कागद हाती असेपर्यंत नाव दिसेल. नवा उतारा काढला की ते नसेल, आणि त्यात उतारा देणाऱ्याचा काही दोष नसेल. साधनाने तयार केलेला कोड हा असा उतारा आहे. आपल्याकडे सात वर्षे उताऱ्यावर लिहिणे चालले होते.

मूळ नोंद मात्र एकाच जागी नसते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. टेबले आणि त्यांचे संबंध सांगणारे मॉडेल हा तिचा एक भाग. त्या मॉडेलवरून कोड कसा लिहायचा हे ठरवणारी टेम्पलेट हा दुसरा भाग. ज्या आवृत्तीच्या जनरेटरने (कोड तयार करणाऱ्या साधनाने) आणि ज्या सेटिंग्जवर ते काम झाले, तो तिसरा भाग. मॉडेलची फाइल जपून ठेवलेली असते आणि टेम्पलेट मात्र सोडून गेलेल्या माणसाच्या लॅपटॉपवर राहिलेली असतात, असे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे. म्हणून या तिन्ही गोष्टी आपल्या ताब्यात आहेत का, याची खात्री करण्यापासून कामाची सुरुवात करावी.

त्या असतील तर पुढची पायरी अशी. चालू कोडला हात न लावता, जुन्या मॉडेलवरून, त्याच आवृत्तीच्या जनरेटरने, एका वेगळ्या फोल्डरमध्ये कोड पुन्हा तयार करावा. मग हा कोरा कोड आणि आज कारखान्यात चालणारा कोड यांची फाइलगणिक तुलना करावी. या दोहोंतील जो फरक, तीच आपली सात वर्षांच्या हातदुरुस्त्यांची यादी. कोणाच्या आठवणीवर किंवा वहीतल्या टिपणांवर विसंबून अशी यादी कधीच पुरी होत नाही. काही साधने प्रत्येक फाइलच्या माथ्यावर तयार झाल्याची तारीख आणि वेळ लिहितात किंवा फील्डचा (माहितीच्या रकान्यांचा) क्रम बदलतात, त्यामुळे पहिल्या तुलनेत सगळ्याच फाइली बदललेल्या दिसतील. माथ्यावरच्या त्या ओळी वगळून आणि दोन्हीकडचा कोड एकाच साच्यात बसवून पुन्हा तुलना केली की खरे फरक उरतात. जनरेटरची आवृत्ती वेगळी असेल, तर मात्र साधनाने केलेले बदल आणि माणसाने केलेले बदल एकमेकांत मिसळतात आणि हाताला काही लागत नाही. म्हणून जुनी आवृत्ती शोधण्यासाठी दोन दिवस गेले तरी ते घालवावेत.

यादी हाती आल्यावर प्रत्येक दुरुस्तीचे खरे घर कोणते, हे ठरवावे लागते. आपण सांगितलेल्या तीनही गोष्टींची घरे वेगवेगळी आहेत. मराठी नावांच्या जागी चौकोन येऊ नयेत म्हणून आपल्या मुलांनी बहुधा प्रत्येक छपाईच्या फाइलमध्ये फॉन्ट आणि अक्षरसंचाची तीच ती दुरुस्ती केली असेल. तिचे घर टेम्पलेटमध्ये आहे. प्रेसवरून निघणाऱ्या प्रत्येक भागावर एकाच जागी बर (धातूची खरखरीत कड) येत असेल, तर आपण प्रत्येक भाग कानशीने घासत बसत नाही. टूलरूममध्ये डाय दुरुस्त करून घेतो. टेम्पलेट ही या सॉफ्टवेअरची डाय आहे.

ई-इन्व्हॉइसचे प्रकरण दोन घरांत विभागले जाते. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींहून अधिक उलाढालीच्या व्यवसायांना ई-इन्व्हॉइस लागू झाले आणि बिल नोंदवल्यावर सरकारी पोर्टलकडून मिळणारा ६४ अक्षरी क्रमांक आणि क्यूआर कोड बिलासोबत जपून ठेवण्याची गरज निर्माण झाली. हा क्रमांक बिलाचाच एक गुण असल्यामुळे त्याचे फील्ड मॉडेलमध्ये असले पाहिजे. बिलाची माहिती पोर्टलला पाठवणे, उत्तर आले नाही तर पुन्हा प्रयत्न करणे, रद्द झालेल्या बिलाची नोंद ठेवणे, हे वर्तन मात्र कोणत्याही आकृतीत नीट मावत नाही. ते हाताने लिहावे, पण साधनाने तयार केलेल्या फाइलच्या बाहेर लिहावे.

जॉबवर्कचा अहवालही असाच. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात आणि यंत्रसामग्री तीन वर्षांत परत यावी लागते, आणि ही मुदत मोजताना आपल्या कारखान्याच्या काही खास अडचणी असणारच: माल अर्धाच परत आला, एका जॉबवर्करकडून परस्पर दुसऱ्याकडे गेला, वगैरे. असा हिशेब हातानेच लिहायचा असतो. त्यासाठी एक जुनी आणि भरवशाची पद्धत आहे. नव्वदच्या दशकात जॉन व्लिसिडीस यांनी ती ‘जनरेशन गॅप’ या नावाने मांडली. साधनाने पायाभूत क्लास (कोडचा एक स्वतंत्र घटक) तयार करावा, माणसाने त्यावरून काढलेल्या दुसऱ्या क्लासमध्ये स्वतःचा कोड लिहावा आणि त्या दुसऱ्या फाइलला साधनाने कधीही स्पर्श करू नये, असा तिचा सरळ नियम आहे. जावामध्ये ही पद्धत उत्तम चालते.

काही साधने तयार झालेल्या फाइलमध्येच राखीव जागा देतात आणि त्या खुणांच्या आत लिहिलेला कोड पुन्हा निर्मिती करताना तसाच ठेवतात. एक्लिप्स या प्रोग्रॅमिंगच्या साधनसंचाच्या मॉडेलिंग फ्रेमवर्कमध्ये प्रत्येक मेथडवर (क्लासमधील एका ठरावीक कामाच्या तुकड्यावर) ‘जनरेटेड’ ही खूण असते. ती काढली किंवा तिच्यापुढे ‘नॉट’ लिहिले, तर साधन त्या मेथडला हात लावत नाही. ही सोय छोट्या दुरुस्तीसाठी ठीक आहे, पण तिच्यावर मोठा भार टाकू नये. मॉडेलमध्ये एखाद्या घटकाचे नाव बदलले की त्याच्या जागी नवी फाइल किंवा नवी मेथड तयार होते आणि राखीव जागेतला कोड तिच्यापर्यंत पोहोचत नाही. महत्त्वाचा हिशेब अशा जागी ठेवणे मला धोक्याचे वाटते.

दराविषयी वेगळे लिहितो, कारण या सगळ्या घटनेची सुरुवात तिथूनच झाली. दर बदलण्यासाठी कोड पुन्हा तयार करावा लागला, म्हणजे दर मॉडेलमध्ये स्थिर किंमत म्हणून लिहिलेला होता, आणि ही २०१३ मधली मूळ चूक आहे. दराचे वेगळे टेबल असावे. त्यात एचएसएन क्रमांक (मालाच्या वर्गवारीचा क्रमांक), दर आणि तो कोणत्या तारखेपासून लागू आहे, ही तीन फील्ड हवीत, आणि बिलाच्या तारखेवरून दर निवडला जावा. २२ सप्टेंबरला वाहनांच्या बहुतेक सुट्या भागांवर १८ टक्के दर आला, पण त्याआधी २८ टक्क्यांनी केलेल्या बिलावरचा माल परत आला, तर क्रेडिट नोट २८ टक्क्यांनीच करावी लागते. आपण कोडमध्ये हाताने दर बदलला असल्यामुळे ही क्रेडिट नोट आज बहुधा चुकत असेल. तेवढे आजच तपासून घ्यावे. बाकीचे काम थांबू शकते.

डेटाबेसच्या बाबतीत एक कळकळीची सूचना. मॉडेलमध्ये फील्डचे नाव बदलले, तर बहुतेक साधनांना ते नामांतर आहे हे कळत नाही. जुने फील्ड गेले आणि नवे आले, असे ती समजतात आणि तशीच स्क्रिप्ट लिहून देतात. ती स्क्रिप्ट चालवली की जुन्या रकान्यातली माहितीही जाते. कोड बॅकअपवरून परत येतो, पण दुपारपर्यंत केलेल्या नोंदी परत येत नाहीत. म्हणून टेबले बदलणारी स्क्रिप्ट साधनाने लिहिली तरी माणसाने वाचल्याशिवाय ती चालवू नये.

काम बरोबर झाले की नाही, हे ठरवण्यासाठी आपल्या तपासणी विभागात जसा मास्टर पीस असतो तसे काही नमुने आधीच बाजूला काढावेत: गेल्या वर्षातली निरनिराळ्या प्रकारची बिले, अर्धा माल परत आलेली चलने, एखादे रद्द केलेले बिल, वर्षअखेरचा साठ्याचा अहवाल. जुन्या प्रणालीतून ते जसे छापले गेले तसेच नव्याने तयार केलेल्या प्रणालीतून पैशापैशापर्यंत छापले गेले पाहिजेत. हे जुळल्यावर कोडची पुनर्निर्मिती ही रोज रात्री आपोआप होणारी गोष्ट करून टाकावी. असे केले की तयार कोडमध्ये कोणी लिहिले तरी ते दुसऱ्या सकाळी नाहीसे होते, आणि एका दिवसाचे काम गमावलेला माणूस पुन्हा तिथे लिहीत नाही.

आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर: तिन्ही भाग सापडले आणि कोरा कोड पुन्हा तयार करता आला, तर मॉडेलकडे वळावे. जावाच्या जगात २०२० मध्ये आलेल्या जकार्ता ईई (व्यावसायिक सॉफ्टवेअरसाठीचा जावाचा प्रमाण संच) या संचाच्या ९ व्या आवृत्तीने ‘जावाएक्स’ने सुरू होणारी अनेक नावे ‘जकार्ता’ या नावाखाली नेली. ज्यांच्याकडे टेम्पलेट शाबूत होती, त्यांच्यासाठी ही काही ओळींची दुरुस्ती होती. ज्यांच्याकडे उतारेच होते, त्यांना प्रत्येक फाइल उघडावी लागली. आपल्या २०१३ च्या कोडलाही हा बदल कधीतरी करावाच लागेल. मात्र मार्चअखेरीस हे काम हाती घेऊ नये.

प्रश्न : आमचे पिंपळगाव बसवंत जवळ द्राक्ष निर्यातीचे पॅकहाउस आहे. बागायतदारांची नोंद, आवक, प्रतवारी, पॅलेट आणि कंटेनर यांचे सॉफ्टवेअर सी शार्प या भाषेत आहे आणि तेही मॉडेलवरून तयार केलेले आहे. ज्या कंपनीचे ते साधन होते तिने ते विकणे आणि दुरुस्त करणे थांबवले आहे. साधन आता फक्त विंडोज ७ च्या एका जुन्या संगणकावर चालते. यापुढे मॉडेल सोडून तयार कोडच हाताने सांभाळला तर चालेल का?
— एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : चालेल, आणि आपल्या परिस्थितीत तेच योग्य आहे. वरच्या उत्तरात मी मॉडेलकडे परत जाण्याचा आग्रह धरला, कारण तिथे साधन अजून चालत असल्याचे दिसते. मूळ नोंदीचे दप्तरच उघडेनासे झाले, तर हातातल्या शेवटच्या उताऱ्यालाच मूळ नोंद म्हणून मान्यता द्यावी लागते. मात्र ही मान्यता एका ठरलेल्या दिवशी, सर्वांना सांगून, लेखी द्यावी. थोडा बदल मॉडेलमध्ये आणि थोडा कोडमध्ये, अशी अवस्था सर्वांत वाईट.

मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी थांबवला, तेव्हा तो संगणक इंटरनेटला जोडलेला असेल तर आधी तोडावा. मग त्याची संपूर्ण प्रतिमा काढून ती व्हर्च्युअल मशिनमध्ये (दुसऱ्या संगणकात सॉफ्टवेअरने उभा केलेल्या संगणकात) चालते का ते पाहावे. हार्ड डिस्क बंद पडण्याची वाट पाहू नये. साधनाचा परवाना डोंगलवर (संगणकाला जोडायच्या छोट्या किल्लीवर) असेल, तर तो व्हर्च्युअल मशिनमध्ये ओळखला जातो का, हेही लगेच कळेल. मॉडेल इतर साधनांना वाचता येईल अशा एक्सएमएल किंवा एक्सएमआय रूपात बाहेर काढता येत असेल तर काढून ठेवावे, आणि सर्व आकृत्या तारीख घालून छापून घ्याव्यात, कारण नव्या माणसाला आपल्या टेबलांची ओळख करून देण्यासाठी त्यांच्याइतके चांगले दुसरे काही आपल्याकडे नसेल.

नंतर शेवटची निर्मिती करावी, ती आजच्या चालू कोडशी वर सांगितल्याप्रमाणे जुळवून पाहावी आणि गिटमध्ये (कोडच्या बदलांचा इतिहास जपणाऱ्या प्रणालीत) स्वतंत्र नोंद म्हणून ठेवावी. प्रत्येक फाइलच्या माथ्यावर ‘ही फाइल आपोआप तयार झाली आहे, बदलू नका’ अशी सूचना असेल. ती सर्व फाइलींतून काढून टाकावी. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण तीन वर्षांनी येणारा प्रोग्रॅमर ती सूचना खरी मानेल आणि अस्तित्वात नसलेले साधन शोधत बसेल. सी शार्पमध्ये २००५ पासून पार्शल क्लासची, म्हणजे एकच क्लास अनेक फाइलींत विभागण्याची, सोय असल्यामुळे आपला हातचा कोड आणि साधनाचा कोड बहुधा वेगवेगळ्या फाइलींत असेल. आता त्या वेगळेपणाची गरज उरत नाही, तेव्हा जसजसे एखाद्या भागात काम निघेल तसतशा त्या फाइली एकत्र कराव्यात. तयार कोडमध्ये तेच ते तुकडे प्रत्येक स्क्रीनसाठी पुन्हा लिहिलेले असतात. यंत्राला त्याचा कंटाळा नसतो, पण माणसाला ते सांभाळणे अशक्य होते, म्हणून असे तुकडे एका जागी आणण्याचे काम आपल्याला पुढची काही वर्षे थोडे थोडे करावे लागेल. तो खर्च आजच हिशेबात धरावा.

आपल्यावर आलेला हा प्रसंग विरळा नाही. डेटाबेस आणि कोड यांना जोडणाऱ्या खुद्द मायक्रोसॉफ्टच्या एंटिटी फ्रेमवर्कमध्ये २००८ पासून आकृतीवर आधारित ईडीएमएक्स फाइल होती. २०१६ मध्ये आलेल्या एंटिटी फ्रेमवर्क कोअरमध्ये तिला जागाच ठेवलेली नाही. म्हणून पुढच्या वेळी कोणाशीही करार कराल तेव्हा मॉडेल, टेम्पलेट, जनरेटरची नेमकी आवृत्ती, परवाने आणि कोड बांधण्याच्या पायऱ्या हे सर्व सुपूर्द करण्याचे कलम त्यात घालावे, आणि शेवटचा हप्ता देण्यापूर्वी पुरवठादाराच्या माणसाने आपल्या कार्यालयातल्या कोऱ्या संगणकावर, आपल्यासमोर, पहिल्यापासून सगळे बांधून दाखवावे.

वेळेचे म्हणाल तर एप्रिलच्या खरड छाटणीपासून ऑक्टोबरच्या गोड्या छाटणीपर्यंत आपले पॅकहाउस तुलनेने मोकळे असते. हे काम त्या काळात करावे. जानेवारीत आवक सुरू झाल्यावर नको.

प्रश्न : मी नाशिकमध्ये संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आता कृत्रिम बुद्धिमत्ता मागितला तो कोड लिहून देते; मग मॉडेलवरून कोड तयार करण्याची ही जुनी विद्या शिकण्यात काही अर्थ आहे का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : आहे. पहिले कारण साधे आहे: अशा रीतीने बांधलेली सॉफ्टवेअर आजही चालू आहेत. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने ऐंशीच्या दशकात काढलेले असेच एक साधन १९९७ मध्ये स्टर्लिंग सॉफ्टवेअरकडे, २००० मध्ये कॉम्प्युटर असोसिएट्सकडे आणि २०१८ मध्ये ब्रॉडकॉमकडे गेले. मालक बदलत गेले आणि त्यावर चालणारे व्यवसाय चालतच राहिले. सॉफ्टवेअरच्या आकृत्या काढण्याची यूएमएल ही भाषा १९९७ मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारली गेली आणि अशी प्रमाणे ठरवणाऱ्या ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपने २००१ मध्ये मॉडेलवर आधारित रचनेची कल्पना मांडली. त्यानंतर बांधलेल्या पुष्कळ प्रणाली आज तुमच्या वयाच्या मुलांच्या हाती देखभालीसाठी येत आहेत.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. जनरेटरला तेच मॉडेल आणि तीच टेम्पलेट दिली की तोच कोड मिळतो, म्हणून मॉडेल जपले की कोड पुन्हा मिळवता येतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या भाषेच्या मॉडेलला (हे ‘मॉडेल’ वरच्या आकृतीपेक्षा वेगळे) तीच सूचना दोनदा दिली, तर दोन वेळा तोच कोड मिळेल याची हमी नसते. त्यामुळे तिथे सूचना ही मूळ नोंद ठरत नाही. मिळालेला कोड हीच मूळ नोंद. तो वाचावा लागतो, तपासावा लागतो आणि जपावा लागतो. कोणत्या साधनाच्या बाबतीत काय मूळ आणि काय उतारा, हा भेद ज्याला कळतो, त्याला दोन्ही साधने वापरता येतात.

पुस्तकापेक्षा प्रयोगातून हे लवकर समजेल. ग्रंथालयाच्या देवघेवीचे चार टेबलांचे छोटे मॉडेल घ्या, एक टेम्पलेट स्वतः लिहा आणि कोड तयार करा. मग मैत्रिणीला त्यात हाताने दोन दुरुस्त्या करायला सांगा, त्या कुठे केल्या हे विचारू नका, आणि मॉडेलमधल्या एका फील्डचे नाव बदलून पुन्हा निर्मिती करा. काय हरवले ते शोधून, ते पुन्हा हरवणार नाही अशा जागी ठेवता आले, की या विषयाचा अवघड भाग तुम्हाला येऊ लागला.